पहिल्या धारेचा इतिहास

शिराझ हे इराणमधल्या एका शहराचे नाव. त्या नावाने जगभर विकल्या जाणाऱ्या लाल वाइनचा मात्र त्या शहराशी काडीचाही संबंध नाही. क्रुसेडवरून परतलेल्या एका सरदाराने तिथून वेल आणली, ही कहाणी फ्रान्समध्ये पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस डीएनए तपासणी झाली आणि कळले, की दुरेझा आणि मॉन्देझ ब्लांश या दोन फ्रेंच वेलींचा हा संकर आहे, म्हणजे ऱ्होन नदीच्या परिसरातलेच लेकरू. फ्रान्समध्ये तिला सिरा म्हणतात. जेम्स बस्बीने १८३२ साली युरोपातल्या कलमांचा मोठा संग्रह ऑस्ट्रेलियात नेला, त्यात तीही होती; तिकडे शिराझ हे नाव रुळले आणि तेच पुढे नाशिकच्या बाटल्यांवर आले. कहाणी खोटी, पण कामाची. गावाचे नाव चिकटले की माणूस पेल्यात ते गाव शोधू लागतो आणि थोडेफार त्याला सापडतेही. भद्रावतीच्या पूर्वेला, ताडोबाच्या कडेने, मार्च-एप्रिलच्या पहाटे जे मोहफूल गळते त्याला असे नाव कधी मिळाले नाही. त्याच्या दारूला मिळाली ती विशेषणे: हातभट्टीची, गावठी, अवैध. हा भेद चवीतून आला, असे सहसा मानले जाते. वाइन चाखायची असते आणि मोहाची दारू ढोसायची, हे जणू त्या त्या द्रवाच्या स्वभावातच आहे. माझे म्हणणे याच्या उलट आहे. चव ही सवडीची गोष्ट आहे, आणि ही सवड कोणाला द्यायची व कोणाची काढून घ्यायची हे गेली दीडशे वर्षे अबकारी कायदा ठरवत आला आहे.

सवड म्हणजे काय, ते शिराझवरूनच पाहू. नाशिकचा बागाईतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, पावसाळ्यानंतर गोडी छाटणी करतो, आणि जानेवारी ते मार्चच्या दरम्यान घड उतरवतो. मणी देठांपासून सोडवून किंचित फोडतात आणि रस सालीबियांसकट टाकीत आंबवायला ठेवतात. रंग सालीत असतो, तुरटपणा सालीत आणि बियांत. म्हणून आंबताना वर येणारा सालींचा थर दिवसातून अनेकदा खाली दाबावा लागतो किंवा त्यावर रस फिरवावा लागतो. तपमान पंचवीस-तीस अंशांच्या घरात राखतात. मग गाळणे, जिवाणूंकडून आंबटपणा मवाळ करून घेणे, आणि चांगल्या मालाला ओकच्या पिंपात महिनोन्‌महिने मुरवणे. या सगळ्यातून जांभळाचा रंग, करवंदाच्या जवळ जाणारे फळ, जिभेच्या कडा आवळणारा तुरटपणा आणि मागून येणारी काळ्या मिरीची झाक तयार होते. ही मिरी म्हणजे वर्णनकाराची कल्पना नव्हे. रोटुंडोन नावाचा जो घटक खऱ्या मिरीत असतो तोच शिराझच्या सालीत असतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले. तरीही हवामान, सालीला दिलेले दिवस आणि पिंपात काढलेले महिने यांतले काही चुकले, तर ती झाक दबते. सगळे शिराझ चांगले नसते. चांगले होण्याची मुभा मात्र सगळ्या शिराझला असते.

आता मोह. फूल मध्यरात्रीनंतर गळू लागते आणि ऊन चढेपर्यंत गळत राहते. फिकट पिवळसर, गरदार, बोटांत धरले तर द्राक्षाच्या मण्यासारखे लागणारे. झाडाखालचा पाचोळा आधी झाडून किंवा जाळून जागा स्वच्छ करतात. या जाळण्यावरून वनखात्याशी दरवर्षी वाद होतो, कारण आग तिथेच थांबेल याची खात्री नसते. वेचायला बहुतेक बाया आणि पोरे, आणि वेळ नेमकी अस्वलाची. अस्वलालाही मोह आवडतो, आणि ताडोबाच्या भोवती वाकून वेचणाऱ्या बाईला वाघाचेही भय असते. वेचलेले फूल अंगणात पसरून वाळवतात. वाळले की ते तपकिरी, सुरकुतलेले, मनुक्याच्या जातीचे दिसते, आणि त्याच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखर असते. दारूसाठी हे वाळलेले फूल मडक्यात पाणी घालून भिजत ठेवतात. उन्हाळ्यात चार-पाच दिवस, थंडीत त्याहून जास्त. याला इकडे सडवा म्हणतात. फसफस थांबली, वास आंबट-गोड झाला, की सडवा मडक्यासह चुलीवर चढतो. वर दुसरे भांडे पालथे, सांधा चिखल-चिंधीने लिंपलेला, त्यातून पोकळ बांबू पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात उतरलेला. जाळ मंद हवा. तो वाढला तर तळाची फुले करपतात आणि तो करपट वास धारेबरोबर येतो. सडवा दोन दिवस जास्त राहिला तर व्हिनेगरसारखा आंबतो. फुले नीट वाळलेली नसली तर बुरशीचा कुबट वास उतरतो. आधी येते ती पहिली धार, सर्वांत कडक. मागून येणारी फिकी होत जाते. ‘पहिल्या धारेची’ हा शब्द आपण आज राजकारण्यांपासून कवींपर्यंत कोणालाही लावतो. त्याचे मूळ या बांबूच्या टोकाशी आहे. नीट गाळलेल्या मोहाला फुलाचा जडसर गोड वास, मातीच्या भांड्याचा आणि धुराचा मागमूस, आणि शेवटी किंचित कडवटपणा असतो. म्हणजे इथेही स्वभाव आहे, आणि तो बिघडण्याच्या ठरावीक वाटाही आहेत. यातली जवळजवळ प्रत्येक वाट घाईची आहे.

इथे एक आक्षेप लगेच येईल: वाइन आंबवलेली आणि मोहाची दारू ऊर्ध्वपातित, तेव्हा तुलनाच चुकीची, तुलना करायची तर ब्रँडीशी करा. आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. नशेच्या जोरात दोन्हींत फार अंतर आहे. पण चवीचा पाया दोन्हीकडे आंबवण्यातच घातला जातो. सडव्यात जे नाही ते बांबूतून येणार नाही. शिवाय आपल्या जुन्या ग्रंथकारांनी या दोघींना एकाच रांगेत बसवले होते. मनुस्मृतीत सुरेचे तीन प्रकार आहेत, गौडी, पैष्टी आणि माध्वी, गुळाची, पिठाची आणि मधाची किंवा मधूकाची. या तिसरीचा अर्थ लावताना टीकाकारांनी मधूकपुष्पाचा, म्हणजे मोहफुलाचा, उल्लेख केला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला सुराध्यक्षाचा अध्याय तर अबकारी खात्याची पहिली नियमावलीच म्हणावी. त्यात द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ म्हटले आहे आणि ते ज्या देशांतून येते त्यांवरून त्याला कापिशायन आणि हारहूरक ही नावे दिली आहेत. बाकीची मद्ये कशापासून आणि कशी केली त्यावरून ओळखायची. दूरच्या द्राक्षाला गावाचे नाव आणि घरच्या सुरेला जिनसाचे, ही सवय शिराझच्या किती आधीची आहे, ते यावरून कळावे. त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, जी माझ्या मते जास्त महत्त्वाची. दारूवर राजाचा हक्क. पण उत्सव, जत्रा, यात्रा यांच्या वेळी लोकांना चार दिवस स्वतः सुरा करण्याची मोकळीक द्यावी, असे कौटिल्य सांगतो. सक्तवसुलीचा कट्टर पुरस्कर्ता असलेल्या या माणसालाही कळत होते, की सणाची दारू आणि गुत्त्याची दारू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भद्रावतीचे जुने नाव भांदक. रेल्वे स्टेशनवर ते अजून आहे. विजासनची बौद्ध लेणी, भद्रनागाचे देऊळ, जैनांचे पार्श्वनाथ मंदिर, इतके थर एकाच गावात असल्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या काही संशोधकांना ह्युएन त्संगच्या कोसल देशाची राजधानी इथेच असावी असे वाटले. आता कौल सिरपूरच्या बाजूने आहे. तो वाद बाजूला ठेवला तरी त्या चिनी भिक्षूने सातव्या शतकातल्या भारतीयांच्या पिण्याविषयी जे लिहिले ते इथे उपयोगी पडते. क्षत्रिय द्राक्षाचे आणि उसाचे मद्य घेतात, वैश्य कडक आंबवलेले, आणि श्रमण-ब्राह्मण द्राक्ष-उसाचा न आंबवलेला रस, अशी त्याची वाटणी आहे. खालच्यांच्या आणि रानातल्यांच्या पेयाविषयी त्याला सांगण्याजोगे काही वाटले नाही. विजासनच्या डोंगरापासून मोहाची राने फार लांब नाहीत. मठात द्राक्षाच्या सरबताची चर्चा होत असेल त्याच ऋतूत पूर्वेकडे मोह गळत असणार, पण लिहिणाऱ्याच्या पेल्यात नसलेली गोष्ट कागदावर येत नाही. चवीच्या इतिहासातला पहिला अन्याय हा नोंदीचा आहे.

दुसरा महसुलाचा. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, इंग्रजांकडे गेले. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. त्याआधीही कलाली होती, तिचे देणेही होते. नवी गोष्ट होती ती काटेकोर वसुली आणि लिलाव. ठरावीक जागी भट्टी लावण्याचा आणि विकण्याचा हक्क लिलावात जाई. बोली जिंकणाऱ्याला मुदतीत पैसा वसूल करायचा असल्यामुळे त्याचे हित एकाच गोष्टीत होते: जास्त गाळा, लवकर विका. मुरवायला त्याच्याकडे वेळ नव्हता आणि कारणही नव्हते. १९०५-०६ च्या भारतीय अबकारी समितीने या भट्ट्या हळूहळू बंद करून मोठ्या कारखान्यांतून ठरावीक जोराची दारू पुरवण्याच्या पद्धतीची तरफदारी केली. त्यात शिस्त आली, पण गावागावचा फरकही संपला. जंगलातल्या गोंड किंवा माडिया कुटुंबाने आपल्या झाडाचे फूल आपल्या मडक्यात गाळले तर तो गुन्हा; तेच फूल व्यापाऱ्याला विकून त्याचीच दारू गुत्त्यावर पैसे मोजून घेतली तर कायद्याचे पालन. मुंबई इलाख्यात तर याहून पुढची पायरी गाठली गेली. उरणच्या भट्ट्यांत मोहफुलाची दारू गाळून ती मुंबईला पुरवली जाई, आणि १८९२ च्या मोह्रा कायद्याने ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत सामान्य माणसाने मोहफूल बाळगण्यावरच बंधन आले. दुष्काळात ज्या फुलावर माणसे तगतात ते घरात ठेवणे संशयास्पद ठरले. मध्य प्रांतात तसा कायदा नव्हता. पण विदर्भ १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा त्याच्या मागोमाग इथे आला. त्या कायद्यात मोहफुलाची स्वतंत्र व्याख्या आहे. द्राक्षाची नाही.

पूर्वी चव चांगली होती याला पुरावा काय, असे कोणी विचारेल, आणि ते रास्त आहे. गमावलेल्या गोष्टी नेहमीच गोड लागतात. चाखणाऱ्यांच्या नोंदी फार थोड्या आहेत आणि बऱ्याचशा प्रतिकूल आहेत. अनेक इंग्रजांना तिचा वास सहन होत नसे. पण एक साक्ष अशी आहे, की जी नेमक्या मुद्द्यावर बोट ठेवते. कॅप्टन जेम्स फोर्सिथ मध्य प्रांताच्या जंगलखात्यात होता. त्याचे मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरचे पुस्तक १८७१ साली आले. गोंडांच्या पिण्याविषयी तो कौतुकाने लिहिणारा माणूस नव्हे. तरी त्याने म्हटले आहे, की मोहाची दारू नीट केली आणि मुरू दिली, तर ती मुळीच तुच्छ मानण्याजोगी नसते, तिची जात आयरिश व्हिस्कीच्या जवळ जाते. त्याच्या दोन्ही अटी मला महत्त्वाच्या वाटतात: नीट करणे आणि मुरू देणे. ज्या व्यवस्थेत नीट करायला भट्टीवर निवांत बसता येत नाही आणि मुरू द्यायला घरात साठा ठेवता येत नाही, तिथे या दोन अटी पुऱ्या व्हायच्या कशा?

चोरून गाळण्याची एक स्वतंत्र पाककृती तयार झाली, आणि आज ‘मोहाची दारू’ म्हणून बहुतेकांनी जे नाकाला लावले आहे ते तिचेच फळ आहे. सडवा नाल्याकाठी, झुडपात, जमिनीत पुरलेल्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये ठेवायचा, कारण घरात धाड पडते. मातीचे मडके जड आणि फुटणारे, म्हणून पत्र्याचा डबा. मंद जाळाला रात्र अपुरी, म्हणून भडका. फूल कमी पडले की काळा गूळ. आणि आंबायला पाच दिवस थांबण्याइतका धीर नसतो, म्हणून नवसागर, तोच कल्हईवाल्याचा. हे नवसागर म्हणजे विषाची पुडी, असे आपण ऐकत आलो. पण त्यामागे एक साधे शास्त्र आहे. आंबवणाऱ्या यीस्टला नत्र लागतो आणि नवसागरातून तो मिळतो. द्राक्षरसात नत्र कमी असेल तेव्हा वाइनच्या कारखान्यातही डायअमोनियम फॉस्फेट घालतात, त्याच हेतूने, मात्र मोजून आणि खाण्यायोग्य प्रतीचे. एका ठिकाणी त्याला यीस्टचे पोषण म्हणतात, दुसऱ्या ठिकाणी भेसळ, आणि दोन्ही शब्द आपापल्या जागी खरे आहेत. दुसरी जागा तशी का झाली, एवढाच माझा प्रश्न आहे. दरम्यान सरकारमान्य ‘देशी’ १९७३ च्या नियमांखाली दुकानात आली. ती बहुतांशी साखर कारखान्याच्या मळीपासून काढलेल्या स्पिरिटची, वर संत्र्याचा स्वाद. संत्रे नागपूरचे, तेही नुसते वासापुरते. देशीत या प्रदेशाचे झाड औषधालाही उरले नाही.

हे सगळे अपरिहार्य होते, गरिबाची दारू अशीच होणार, असे कोणी म्हणेल तर त्याला गोव्याकडे पाहावे लागेल. काजू पोर्तुगिजांबरोबर आला, म्हणजे मोहाच्या मानाने कालचा पाहुणा. बोंडू चुरगळून काढलेला रस आंबवायचा, भाणात उकळायचा, वाफ लावणीत उतरवायची. पहिल्या गाळपाचा उराक, पुन्हा गाळला की फेणी. साधने मोहाच्या साधनांची चुलतभावंडे, वासही कोणाला सुगंध तर कोणाला दुर्गंध वाटणारा. पण तिथे भाटी लावणारा परवाना घेऊन उघड्यावर, दिवसाढवळ्या, हंगामभर काम करत राहिला, आणि बापाने मुलाला जाळ किती ठेवायचा ते शिकवले. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक निर्देशन मिळाले. पुढे गोवा सरकारने तिला राज्याचा वारसा म्हटले. तिथेही लिलाव होते, कर होता, व्यसनही होते. नव्हते ते एकच: करणाऱ्याने लपण्याची गरज.

सर्वांत जड आक्षेप चवीचा नाहीच. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली ती वरून लादलेली नव्हती. अभय आणि राणी बंग यांच्या कामाच्या आधाराने उभ्या राहिलेल्या चळवळीत गावोगावच्या बाया होत्या. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली मोर्चे निघाले आणि १ एप्रिल २०१५ पासून जिल्हा दारूबंद झाला. त्या बायांना पहिल्या धारेचा सुगंध ऐकवणे निर्लज्जपणाचे होईल. मार खाणारीला नवऱ्याने काय प्यायले याने फरक पडत नाही, आणि यकृतालाही नाही. जुन्या काळी आदिवासी फक्त सणाला आणि बेताने पीत, हे भाबडे चित्रही पुराव्यावर टिकत नाही. मोहाच्या बाजूने लिहिणाऱ्या व्हेरिअर एल्विननेच बस्तरच्या माडियांमधल्या शंभर खटल्यांची कागदपत्रे तपासून १९४३ साली पुस्तक लिहिले. त्यात दारूच्या भरात झालेले खून आहेत. तेव्हा मोह निष्पाप होता, असा दावा मी करत नाही. पण या चळवळींचा रोख कुठे होता तेही पाहावे. बाया उठल्या त्या प्रामुख्याने दुकानाविरुद्ध, रोज उघड्या असणाऱ्या, रोजची मजुरी ओढून घेणाऱ्या गुत्त्याविरुद्ध. फुलाचा हंगाम असतो, घरच्या मडक्याला तळ असतो. लिलावाने जिंकलेल्या दुकानाला दोन्ही नसतात. भद्रावतीच्या आसपास कोळशाच्या खाणी आणि आयुधनिर्माणी आली, रोख पगार आला, आणि तो पगार ज्याकडे वळला ती मोहाची दारू नव्हती. चव नासणे आणि रोजची दारू घरात शिरणे, या दोन्ही गोष्टी त्याच महसुली व्यवस्थेच्या पोटी जन्मल्या. एकीचा इतिहास सांगितल्याने दुसरीची बाजू हलकी होत नाही. उलट बंदीच्या सहा वर्षांत हातभट्टी आणखी आत रानात सरकली. २०२१ मध्ये सरकारने चंद्रपूरची बंदी उठवली तेव्हा परवान्याची दुकाने उघडली, मडके होते तिथेच लपून राहिले.

याच वर्षांत द्राक्षाचे काय झाले? २००१ साली महाराष्ट्राने द्राक्षप्रक्रिया धोरण आणले आणि वाइनला करांत सवलती मिळाल्या. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मान्यता दिली, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे, असा युक्तिवाद जाहीरपणे झाला. शेतकऱ्याचा माल म्हणून शिराझकडे पाहण्याची ती दृष्टी चुकीची नव्हती, फक्त ती घाटावरच थांबली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मोह आणि काजूबोंडाच्या मद्याविषयीही निर्णय झाला. वरवर तो सन्मानाचाच आहे: या मद्यांना दर्जा मिळाला तो ‘विदेशी मद्या’चा. साखर कारखान्याची मळी देशी आणि ताडोबाच्या कडेचा मोह विदेशी, अशी ही विभागणी. कागदावरचा हा विनोद कोणी मुद्दाम केलेला नसावा. आपल्या अबकारी भाषेत चांगल्या दारूला दुसरा शब्दच नाही. तोवर गोव्यात २०१८ पासून मोहाची बाटली दुकानात होती आणि मध्य प्रदेशाने तिला वारशाची दारू म्हणून हात घातला होता.

या निर्णयाच्या आदल्या वर्षी, २०२१ मध्ये, महाराष्ट्राने मोहफूल गोळा करणे, साठवणे आणि नेणे यांवरची बंधने उठवली. वेचणारीने एप्रिलमध्ये सगळा माल व्यापाऱ्याच्या भावाने देऊन टाकायचा आणि पावसाळ्यात चढ्या भावाने तोच विकत घ्यायचा, हे चक्र त्यामुळे थांबवता तरी येते. वाळलेले फूल ती आता वर्षभर घरात ठेवू शकते; भाजून खाऊ शकते, लाडू करू शकते, बैलाला घालू शकते. त्या फुलावर पाणी ओतून चार दिवस झाकून ठेवले की मात्र पंचनाम्यात त्याचे नाव बदलते, आणि मोहफुलाच्या जागी शिपाई लिहितो: सडवा, जागीच नष्ट.